माळा रिकामा करायचा प्रोजेक्ट (गावभाग, सांगली)

३१ मार्च २०२५

काल पाडवा झाला, आज सकाळी चहा घेता घेता ह्यांना आणि आईंना (म्हणजे सासूबाईंना) सांगून टाकलं की पावसाळ्याच्या आत वरची खोली आणि माळा रिकामा करायचाय. नोंदी लिहून ठेवतेय म्हणजे कुठली वस्तू कुणाकडं गेली ते लक्षात राहील, आणि आमच्यासारखं नदीच्या अंगाला घर असणाऱ्या कुणाला उपयोग झाला तर होईल.

घर कसं आहे ते आधी सांगते. तळमजला, वर दोन खोल्या, त्यातल्या एकीला माळा. कृष्णा चालत पाच मिनिटांवर. आयर्विन पुलाजवळ पाणी ४० फुटांवर गेलं की इशारा आणि ४५ म्हणजे धोका, हे इथल्या शाळेतल्या पोरांना पण पाठ असतंय. २०१९ च्या ऑगस्टला ते साडेसत्तावन्नच्या आसपास गेलं, २०२१ च्या जुलैत परत आलं. त्यामुळं पुलाचे आकडे चढायला लागले की आमच्या गल्लीत एकच काम, खालचं सामान वर. आणि दरवेळी वर गेलं की जागाच नसते! कारण वर आधीच खोक्यासकट डिनर सेट, लेमन सेट, तीन-चार भिंतीवरची घड्याळं, वाणातले डबे, सत्काराच्या शाली, कुणीतरी दिलेला काचेतला राधाकृष्ण, असं सगळं ऐसपैस बसलेलं असतंय. म्हणजे जे कधी वापरलं नाही ते कायम कोरड्या जागी, आणि ज्याच्यावर जीव आहे ते खाली पाण्यात. मला हे फार लागतं. नको असलेली भेट ठेवून घेतली की कुणाचं काय बिघडतंय असं लोक म्हणतात पण आमच्याकडं बिघडतंय, ती दुसऱ्या कशाची तरी जागा अडवते.

तर परीक्षा एकच ठेवलीय. पाणी ४० फुटावर आलंय असं समजायचं, वस्तू हातात घ्यायची आणि विचारायचं, हे घेऊन जिना चढणार का? चढणार असू तर राहील. नाहीतर तिला दुसरं घर बघायचं.

आईंची एक अट आहे, काही कचऱ्यात जाता कामा नये. "कुणीतरी हौसेनं दिलेलं असतंय गं." मान्य.

६ एप्रिल

आज रामनवमी, दुपारी जन्म झाल्यावर सुंठवडा खाऊन बसलो. सोप्यापासून सुरुवात केली, म्हणजे ज्याच्यात जीव अडकत नाही तिथून. वाण. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वर्षानुवर्षं आलेलं सगळं एका पोत्यात निघालं, प्लॅस्टिकच्या डब्या, गाळण्या, साबण ठेवायच्या पेट्या, कंगवे, छोट्या स्टीलच्या वाट्या, मोबाईल ठेवायचं स्टँड. त्यातलं अर्धं प्लॅस्टिक उन्हानं आणि उंदरांनी गेलेलं, ते सरळ भंगारवाल्याला. मेलामाईनच्या प्लेटा मात्र भंगारवाला घेत नाही, कारण ते प्लॅस्टिक वितळवून परत करता येत नाही, तेव्हा त्या कुंड्यांखाली ठेवल्या.

वाट्यांना लगेच गिऱ्हाईक मिळालं, मागच्या गल्लीतली अंगणवाडी.

ब्लाउजपिसांचं मोठं गाठोडं आहे. ओटीत आलेलं ब्लाउजपीस तसंच दुसऱ्याच्या ओटीत घालायचं ही आपल्याकडं सरळ चालणारी गोष्ट आहे, कुणाला त्यात वावगं वाटत नाही, मग शोपीस दुसऱ्याला दिला तर कमीपणा कसला? तोच न्याय लावायचा. त्यातले सुती तेवढे वेगळे काढले, त्याच्या पिशव्या शिवून घेते. खणाचे (खरे गुळेदगुड्डचे, टेरिकॉटचे नाही) दोन निघाले, ते राहतील.

१२ एप्रिल

आजचा दिवस ह्यांचा. हे शिक्षक, निवृत्त होऊन थोडी वर्षं झाली, आणि शिक्षकाच्या सेवापूर्तीला काय काय येतं हे ज्याच्या घरी शिक्षक आहे त्यालाच कळेल. शाली, फेटे, भिंतीवरची घड्याळं, सरस्वती, सन्मानचिन्हं. नारळ तेवढे संपले, बाकी सगळं आहे.

हे खुर्ची घेऊन बसले आणि एकेक हातात घेऊन त्यावरचं वाचायला लागले. मी मध्ये बोलले नाही. घाई केली की माणूस सगळंच धरून बसतो, हे आता मला पक्कं कळलंय. त्यांनी प्रत्येकाबद्दल काहीतरी सांगितलं, हा कुठला मुलगा, आता कुठं असतो, हे कुठल्या गावच्या शाळेतलं. मी फोनवर फोटो काढत गेले आणि ते बोलत होते ते तिथंच खाली टाईप केलं. संध्याकाळपर्यंत त्यांनी स्वतःच तीन ढीग लावले.

घड्याळांवर नावं छापलेली असतात, "सप्रेम भेट" करून, तीच अडचण. पण मागचे स्क्रू काढले की काच सुटते, डायलवर साधा कागद चिकटवता येतो, मग ते कुणाच्याही भिंतीवर चालतं. झेडपीच्या शाळेत वर्गावर्गात घड्याळ नसतं म्हणून तिकडं द्यायची ठरली, नवीन सेल घालून. फेटे पण शाळेतच, स्नेहसंमेलनाला दरवर्षी भाड्यानं आणतात. सन्मानचिन्हांचं असं की खालची पाटी बदलली की ते नवीन होतं, ट्रॉफीवाला दुकानदार नवी पाटी बसवून देतो. आमच्या मंडळाच्या कबड्डीला लागतीलच.

शाली आत्ता देण्यात अर्थ नाही, एप्रिलच्या उन्हात कोण पांघरणार. दिवाळीनंतर कारखाने सुरू झाले की बीडकडनं ऊसतोडीच्या टोळ्या येतात, उघड्या रानात कोप्या करून राहतात, लहान पोरं असतात बरोबर. त्यावेळी द्यायच्या. एका पोत्यात बांधून वर चिठ्ठी लावलीय, "नोव्हेंबर". नुसतं "देऊ कधीतरी" म्हटलं की ते पोतं तिथंच राहतं, महिना लिहिला की ते काम होतं.

आणि हे जिना चढून घेऊन जाणार ती वस्तू कुठली, तर एक डस्टर. लाकडी, साधा, वर्गातलाच जुना. दहावीच्या एका तुकडीनं त्याच्या लाकडावर बॉलपेननं बारीक अक्षरात सह्या केल्यात, जागा पुरली नाही म्हणून कडेला, खाली, फेल्टच्या शिवणीपर्यंत. फेल्टमध्ये अजून खडूची भुकटी आहे. सरस्वतीची मूर्ती त्यांनी हसत दिली आणि हा खिशात टाकला.

१३ एप्रिल

भिंतीवरच्या देवांच्या जुन्या तसबिरी. कृष्णामाईत सोडायच्या नाहीत हे आमच्यात आधीच ठरलंय, नदीनं आपल्या घरात काय काय आणून टाकलं ते बघितल्यावर तिच्यात आणखी काच आणि फ्रेम टाकवत नाही. आईंनी नमस्कार करून हळदकुंकू वाहिलं. मग फ्रेम सुटी केली, काच आणि पत्रा भंगारात, कागद बादलीत भिजत घातलाय, त्याचा लगदा जास्वंदीच्या बुडात. चांगल्या फ्रेमा शेजारच्या काकूंनी नेल्या.

२० एप्रिल

भांडी. ही खरी अवघड गोष्ट कारण लग्नातल्या भांड्यांवर नावं असतात. आमच्या वेळी प्रत्येक भांड्यावर घालून द्यायचे. हे एक ताट बघा, जाड स्टील, कडेला मशीनच्या पेनानं टिपक्या टिपक्यांनी कोरलंय, "मामा-मामींकडून सप्रेम", खाली १९९१ ची तारीख, आणि "सप्रेम"मधला स कोरताना हात सरकलाय त्यामुळं एक रेघ पार कडेपर्यंत गेलीय. अशी ताटं सहा. ताट एवढं मोठं की आमच्या रॅकमध्ये बसत नाही, म्हणून लग्नापासून माळ्यावर.

पुण्याची भाची सायकॉलॉजी शिकतीये, सुट्टीला आलीय. तिनं दोन गोष्टी सांगितल्या त्या मला फार कामाच्या वाटल्या. एक म्हणजे अमेरिकेत अ‍ॅडम्स, फ्लिन आणि नॉर्टन अशा तिघांनी २०१२ ला अभ्यास छापला, भेट पुढं दुसऱ्याला दिली तर मूळ देणाऱ्याला किती वाईट वाटतं. तर निघालं असं की घेणाऱ्याला वाटतं देणारा फार दुखावेल, पण देणाऱ्याला तेवढं काही वाटत नाही, त्याच्या मते वस्तू दिली म्हणजे ती तुझी, तू काय करायचं ते कर. दुसरं, पेन स्टेट विद्यापीठाच्या हॉस्टेलमध्ये जुन्या वस्तू दान करा म्हणून मोहीम घेतली, एका ठिकाणी नुसतं आवाहन, दुसऱ्या ठिकाणी "आधी फोटो काढून ठेवा मग द्या" असं सांगितलं. फोटोवाल्यांनी ६१३ वस्तू दिल्या, नुसत्या आवाहनाला ५३३. म्हणजे ह्यांनी त्या दिवशी बोलत बोलत जे केलं तेच.

मी म्हटलं देणाऱ्यालाच विचारू की, मामा आहेत अजून. इस्लामपूरला फोन लावला. वय झालंय, कानानं कमी येतं, मोठ्यानं सांगावं लागलं, मामा, तुम्ही दिलेली ताटं देऊ का कुणाला, माझ्याकडनं वापरली जात नाहीत. ते म्हणाले, "अगं दे की! जेवू दे कुणीतरी त्यात. तू बरी हैस न्हवं?" आणि मग ताटाचा विषयच नाही, गुडघ्याचं, यंदाच्या उसाचं, मामीच्या डोळ्याच्या ऑपरेशनचं, असं बराच वेळ बोलत राहिले. इतक्या महिन्यात मी त्यांना फोन केला नव्हता. ताटांमुळं झाला.

ज्यांना फोन करता येतो त्यांना करायचा असं मी आता ठरवलंय. जे गेलेत त्यांच्या वस्तूंचा विचार वेगळा, त्यावर नंतर.

ताटं आमच्याकडं कामाला येणाऱ्या ताईंना, त्यांच्या घरी माणसं खूप आणि रॅक मोठं. नाव बफ मारून घालवून देऊ का विचारलं तर म्हणाल्या, राहू दे वहिनी, मामांनीच दिलंय म्हणायचं.

३० एप्रिल

अक्षय तृतीया. आज पितरांच्या नावानं पाण्याचा माठ द्यायचा. दरवर्षी देतोच, पण यंदा माठ देऊन आल्यावर आई पायरीवर बसल्या आणि स्वतःहून म्हणाल्या की तांब्याच्या बंबाचं काय करायचं ते बघ. मी त्या विषयाला हात लावला नव्हता. बंब आजेसासूबाईंचा, त्यांच्यामागं आईंनी कितीतरी वर्षं पहाटे उठून पेटवलेला, मधल्या नळीत चिपाडं घालून. गिझर आला आणि तो वर गेला.

मोडीत घातला तर पैसे बरे येतात, तांब्याला भाव आहे. मोडीच्या दुकानात वजन करून घ्यायचं, डेंट बघायचे नाहीत, पण नळी आणि झाकण पितळी असेल तर ते वेगळं तोलायला सांगायचं, एकत्र टाकलं की कमी भावानं जातं. एवढी चौकशी केली. पण आईंचं तोंड बघून कळलं की प्रश्न पैशाचा नाही. त्या म्हणाल्या, वितळवतील ना?

४ मे

बंबाचं झालं. पलूसकडं आमच्या भाच्याचा मळा आहे, तिथं अजून पाणी चुलीवर तापतंय आणि जळणाला तोटा नाही, त्याला विचारलं तर म्हणाला आत्ता येतो. छोट्या टेम्पोतनं नेला. आधी कल्हई करून घेतो म्हणाला. आईंनी बंब गाडीत चढवताना तोटीला हात लावून बघितलं, ती गळायची, आणि त्याला नीट समजावून सांगितलं की चिंधी कशी गुंडाळायची. संध्याकाळी भाच्यानं व्हिडिओ पाठवला, बंब पेटलाय, धूर निघतोय. आईंनी तो परत परत लावायला सांगितला. जेवताना म्हणाल्या आता घंगाळाचं पण बघ.

मला वाटतं जीव तुटतो तो वस्तू जाते म्हणून नाही, वाया जाते म्हणून तुटतो. बंब गेल्यावर आई दुःखी नाहीत, उलट चार दिवसांत जास्त बोलतायत.

११ मे

मिरजेला गेलो. तंबोऱ्यासाठी.

हा आत्तेसासूबाईंचा. त्या लग्नाआधी गाणं शिकायच्या, नंतर ते बंद झालं, त्या गेल्यावर तंबोरा आमच्याकडं आला आणि माळ्यालगत खुंटीला टांगलेला, गवसणी घातलेली. कुणी वाजवत नाही. पण काढायचा म्हटलं की घरातली सगळी गप्प. बाईचं गाणं राहून गेलं, तिचा तंबोरा पण घालवायचा का, असं ते होतं आणि मला ते पटत होतं.

पण तंबोऱ्याचा भोपळा म्हणजे खरा वाळवलेला भोपळाच असतो, त्याला दमट हवा चालत नाही, कीड लागते, चिरा जातात. टांगून ठेवणं म्हणजे सांभाळणं नाही. मिरजेत तंतुवाद्यांची दुकानं एका रांगेत आहेत, हे काम करणारी शिकलगार घराणी मूळची हत्यारं बनवणारी, दीडशेच्या वर वर्षं झाली त्यांना वाद्यं करायला लागून, आणि मागच्या वर्षी मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला जीआय मानांकनही मिळालं. दुकानात म्हाताऱ्या कारागिरांनी गवसणी काढली, भोपळ्यावर बोटाच्या पेरानं टकटक करत सगळीकडनं फिरवलं, एका जागी थांबले, तिथला आवाज बद्द. "हितं चीर हाय. बाकी माल जुना, चांगला. तारा, घोडी, जवारी करावी लागंल." घोडीवर तार टेकते तिथं ती घासून नेमका उतार आणायचा म्हणजे जवारी, त्याच्याशिवाय तंबोरा बोलत नाही. मी दुरुस्तीचे पैसे देऊन आले. बिनदुरुस्तीचा दिला तर आपण आपली अडगळ दुसऱ्याच्या गळ्यात मारली असं होतं, तसं मला करायचं नाही.

जाणार आहे आमच्या गल्लीतल्या गाण्याच्या क्लासमधल्या एका मुलीला. तिला इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्यावर रियाज करावा लागतोय. वन्संना फोन करून सांगितलं, त्या आधी काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, तिला सांग आत्याचं नाव काय होतं ते.

१६ मे

कपडे. तीन वाटा आहेत, बोहारीण, वाकळ (म्हणजे गोधडी) आणि जरीवाला.

बोहारणीचा व्यवहार लोकांना किरकोळ वाटतो पण कपड्याचा खरा पुनर्वापर तिच्यामुळंच होतो, त्या बायका कपडे धुऊन, रफू करून, इस्त्री मारून बाजारात बसतात आणि ते परत कुणाच्या तरी अंगावर जातात. फक्त एक सांभाळायचं, कपडे गेले आणि बदल्यात भांडी आली असं होऊ द्यायचं नाही. मी आधीच ठरवलं होतं, पिठाची चाळण फाटलीय तेवढीच. तिनं पातेलं पुढं केलं, घमेलं दाखवलं, "ताई ह्यात अजून दोन साड्या घाला, डबा देते". नको. चाळणच. शेवटी तीच म्हणाली, पहिलीच बाई बघितली कमी मागणारी.

जरीचं सांगते कारण ह्यात फसवणूक होते. खरी जरी म्हणजे रेशमावर चांदीची तार आणि वर सोन्याचा मुलामा. ती वजनावर घेतात. तारेवरचा मुलामा खरवडून बघायचं, तार आतनं पांढरी निघाली तर चांदी, तांबूस निघाली तर तांब्याची, त्याला किंमत नाही. दोन ठिकाणी दाखवायची, एकाच्या बोलण्यावर जायचं नाही. आमच्या एका शालूची खरी निघाली, कापड मात्र हात लावला की चिरत होतं.

आजेसासूबाईंची इरकलं वाकळेला. मऊ झालेली सुती, गर्द हिरवं आणि डाळिंबी, पदर लाल आणि त्यावर देवळाच्या कळसासारखी पांढरी टोकं, टोपपदर म्हणतात तो. मागच्या बोळातल्या मावशी वाकळ शिवतात. त्यांनी साड्या जमिनीवर अंथरल्या, हातानं चाचपून विरलेलं मध्ये आणि धड असलेलं वर-खाली घेतलं, आणि कडेनं धावदोरा सुरू केला. पदर कापू नका असं मी म्हणणार होते, आई म्हणाल्या काप, नातीच्या अंगावर येऊ दे. एक मोठी आणि एक बारकी होणार, बारकी वन्संच्या नातीला.

२१ मे

चार दिवस झाले वळवाचा पाऊस उघडायला तयार नाही, बाहेर पडता येत नाही म्हणून जुने फोटो बाहेर काढून बसलो. यंदा लवकर येणार म्हणतायत.

आमचे अल्बम २०१९ ला पाण्यात होते. त्यावेळी एका ओळखीच्या फोटोग्राफरनं सांगितलं होतं, वाळायच्या आत स्वच्छ पाण्यातनं काढा, एकमेकाला चिकटून वाळू देऊ नका, सावलीत वाळवा. त्यामुळं बरेचसे राहिले. चिकट पानांच्या अल्बममधले निघत नव्हते, ते फोटोखालनं बारीक दोरा सरकवत सोडवले.

आता काम असं, आईंना एकेक दाखवायचा, कोण आहे ते विचारायचं आणि मागं शिसपेन्सिलीनं लिहायचं (पेनाची शाई उतरते). आईंना आठवतंय तोवरच हे होणार. ज्यांचे ते त्यांना, जावेच्या बारशाचे जावेला, मामांकडचे मामांना. एकसारखे पाच-पाच असतील तर एकच. खिडकीच्या उजेडात फोनवर कॉपी.

२६ मे

मान्सून आला. महाराष्ट्रात एवढ्या लवकर, मे संपायच्या आत. म्हणजे मी जूनपर्यंत वेळ धरला होता तो गेला, आणि मागं ठेवलेली गोष्ट आज घ्यावीच लागली.

बाबांनी मला लग्नात शिलाई मशीन दिलं. पायाचं, लोखंडी स्टँडचं. कारकुनाचा पगार, तीन लेकरं, त्यातनं त्यांनी हप्त्यानं घेतलं होतं, मुलीच्या हातात काहीतरी असावं म्हणून. मी पहिली काही वर्षं शिवलं, मग नोकरी लागली, मग नाही. बाबा जाऊन बरीच वर्षं झाली. हे मशीन मी देऊ शकेन असं मला कधी वाटलं नव्हतं.

२०१९ ला पाणी गल्लीत शिरलं तेव्हा शेजारची दोन पोरं आली मदतीला आणि त्यांनी सगळ्यात आधी मशीन उचललं, जड होतं, दोघांनी मिळून जिन्यावरनं नेलं, बाबांचं म्हणून. वर त्याला जागा करायला म्हणून खोकी सरकवण्यात वेळ गेला. तोवर खालच्या कपाटाचा तळचा कप्पा पाण्यात गेला. त्या कप्प्यात बाबांची पत्रं होती. निळी आंतरदेशीय. सासरी आल्यावर पहिली काही वर्षं दर पंधरवड्याला यायची. पाणी उतरल्यावर मी ती पत्र्यावर एकेक करून वाळवली. बॉलपेननं लिहिलेली राहिली. शाईपेनाची सगळी निळी झाली, नुसता निळा कागद, कुठंतरी "चि." एवढंच दिसतंय. आणि बाबांना शाईपेन आवडायचं.

मशीन कोरडं आहे. मशीनवर त्यांचं एक अक्षर नाही.

दादाला फोन केला साताऱ्याला. बाबांनी हप्ते कसे फेडले ते त्याला माझ्यापेक्षा जास्त आठवतंय, सायकलवरनं जायचे दर महिन्याला. मी म्हटलं दादा, देऊ का रे? तो म्हणाला, "बाबांनी कशासाठी घेतलं होतं? कुणी शिवावं म्हणून ना." मग आम्ही दोघंही रडलो, त्याचं काही नाही, रडावं माणसानं. देणारा गेलेला असला की परवानगी कुणाकडं मागायची हा माझा अडलेला प्रश्न होता, आणि उत्तर मिळालं की त्यानं ते कशासाठी दिलं ते ज्याला माहितीये त्याला विचारायचं.

कुपवाडची एक मुलगी आहे, शिवणक्लास पूर्ण केलाय, मशीन नाही म्हणून दुसऱ्याच्या दुकानात बसते. संध्याकाळी पाऊस थोडा थांबल्यावर ती आणि तिचा भाऊ आले. तेल घालून, नवीन पट्टा लावून ठेवलं होतं. तिनं तिथंच बसून एका चिंधीवर टीप मारून बघितली, पाय बरोबर बसला, टीप एकसारखी आली. मी तिला बाबांचं काही सांगितलं नाही, उगाच तिच्यावर ओझं नको. आपण देताना आठवणीसकट दिलं की तिला पुढं कधी ते काढता येणार नाही, आणि मी तेच तर एवढी वर्षं सोसलं.

फोटो काढलाय. आणि ड्रॉवरमधली बॉबिनची पत्र्याची डबी ठेवून घेतली, मुठीत मावते.

पत्रं, निळी झालेली सुद्धा, घट्ट झाकणाच्या डब्यात, वरच्या खोलीत, दारातनं हात घातला की लागतील अशी. पहिलं हे उचलायचं असं घरात सगळ्यांना सांगून ठेवलंय.

१० जून

वटपौर्णिमा. वडाला जाऊन आले. माळ्यावर आता ट्रंक एक, पांघरुणं, पाण्याचे ड्रम, गॅसची छोटी शेगडी. खालचं धान्य, कागदपत्रं, फ्रीज, सगळ्याची वर जागा ठरलीय आणि खडूनं लिहिलीय.

राहिलेलं लिहून ठेवते. लेमन सेट अजून कुणी घेतला नाही, स्टेशनजवळच्या रसवंतीवाल्याला विचारायचंय. राधाकृष्ण काचेसकट वन्संच्या जाऊबाईंना आवडला, न्यायला येणार आहेत. घंगाळ पण पलूसलाच जाईल बहुतेक. मंडळाला सन्मानचिन्हं पोचली, पाट्या गणपतीच्या आधी बदलतो म्हणालेत. शाली नोव्हेंबर.

आणि नवीन येणारं थांबवायचं तर आपल्यापासून, येत्या संक्रांतीला वाणात मी डबी-वाटी देणार नाही, सांगलीची हळद आणि तासगावचे बेदाणे, कागदी पुडीत, खाऊन संपलं की झालं. लग्नपत्रिकेवर आहेर आणू नये असं छापतात त्याचा मान आम्ही राखायचा हे ह्यांनी पण कबूल केलंय, आधी त्यांना रिकाम्या हातानं जायला नको वाटायचं.

मावशींनी वाकळा आणून दिल्या. वन्सं रविवारी येणार आहेत, बारकी त्यांच्याबरोबर द्यायची, फोटोंचं पाकीट पण, आणि आत्यांचं पूर्ण नाव त्यांच्याकडून लिहून घ्यायचं, तंबोऱ्यावाल्या मुलीला हवंय.